गोधडीचा छंद ते ऑनलाइन व्यवसाय: कापडापासून कुरिअरपर्यंतचा हिशेब

चाळीस इंच लांब आणि तेवढेच रुंद दुपटे घ्या. इंचा-इंचावर हाताने धावदोरा घातला तर त्याच्या ४० ओळी होतात, प्रत्येक ओळ ४० इंचांची. म्हणजे १,६०० इंच, साधारण ४० मीटर शिवण. सरावलेला हात तासाला साडेचार मीटर शिवतो असे धरले तरी नुसत्या धावदोऱ्याला नऊ तास लागतात. कापड बेतणे, थर लावणे, कडेची पट्टी यांचे आणखी तीन. असे बारा तासांचे काम ओळखीपाळखीत "पाचशेला दे ना" म्हणून मागितले जाते आणि शिवणारी भिडेखातर देऊनही टाकते. त्या पाचशेत कापड-दोऱ्याचा खर्च जेमतेम निघतो, हातात काहीच उरत नाही.

गोधडीचा ऑनलाइन व्यवसाय करायचा असेल तर इन्स्टाग्रामचे पान उघडण्याआधी आपले तास मोजा. एक मीटर धावदोरा घालायला किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून चार वेगवेगळ्या वेळी पाहा: सकाळी ताज्या हाताने, दुपारी, रात्री दमल्यावर आणि जाड कापडावर. त्या चारांची सरासरी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे किंमत ठरवताना, ऑर्डर घेताना, तारीख देताना आणि मदतीला माणूस घेताना तोच आकडा लागतो.

सुरुवात दुपट्यापासून करा

पहिल्याच महिन्यात डबल बेडची गोधडी विकायला काढू नका. दुपटे छोटे असते, चुकले तर एका साडीचे नुकसान होते, वजन ४०० ग्रॅमच्या आत राहते आणि मागणी बाराही महिने असते. बारशाला कुंची, झबले, टोपडे आणि दुपटे द्यायची पद्धत अजून टिकून आहे आणि हाताने शिवलेले मऊ दुपटे दुकानात सहज मिळत नाही.

यात वेळेची एक मेख आहे. बारसे पारंपरिकपणे बाराव्या दिवशी, आणि बाळाची तारीख मागेपुढे होते. बाळ झाल्यावर आलेली ऑर्डर हाताने शिवून, कुरिअरने पाठवून बारशाला पोचवणे जवळजवळ अशक्य. म्हणून दुपट्यांचा थोडा तयार साठा हवाच, निदान पाच-सहा नग. नावाचे भरतकाम हवे असेल तर ते बारशानंतरच शक्य आहे, हेही ग्राहकाला आधीच सांगा. मागणीची खरी सुरुवात सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या सुमारास होते. तुमच्या पोस्ट त्या बेताने हव्यात.

एका साडीतून किती निघते ते पाहू. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. ४० इंची दुपट्यासाठी ४२ इंचांचे तुकडे घ्यायचे. चार तुकड्यांना १६८ इंच गेले, उरले ४८. त्यातून रुंदीभर ३ इंची पट्ट्या काढल्या तर कडेसाठी लागणारी १७० इंच लांबी चार पट्ट्यांत भागते. म्हणजे एका साडीत चार थरांचे दुपटे कडेसकट होते आणि वर टोपड्यापुरते कापड उरते. पाच थर घेतले तर मात्र कडेला दुसरे कापड शोधावे लागते. नऊवारी असेल तर साधारण ३२४ इंच मिळतात, पण तिचा मधला भाग बहुधा जास्त झिजलेला असतो, तेव्हा कागदावर बसणारे सगळे तुकडे प्रत्यक्षात मिळतीलच असे नाही.

सिंगल गोधडीचे गणित वेगळे. ६० बाय ९० इंचांच्या एका थराला साडीचे ६२ इंची दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडावे लागतात. एका साडीत असे तीन तुकडे निघतात, म्हणजे दोन साड्यांत तीन थर आणि चार साड्यांत सहा. वरचा, खालचा आणि मधले चार अशी चांगली ऊबदार गोधडी होते. ग्राहक "माझ्याकडे दोन साड्या आहेत, डबलची होईल का?" असे विचारतो, तेव्हा हे गणित तयार असले की उत्तर लगेच आणि ठाम देता येते.

कापड तपासणे

जुनी साडी उजेडासमोर धरा. जिथे उजेड चाळणीसारखा दिसतो तिथले कापड संपले आहे. मग दोन्ही हातांनी आडवी ताणा. बारीक "चर्र" आवाज आला तर तो भाग वरच्या थराला घेऊ नका. मधल्या थरातही दोन चांगल्या थरांच्या मध्येच ठेवा. साडी सगळ्यात जास्त झिजते ती बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला. पदराकडचा भाग बहुधा धड असतो.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरा ओला रुमाल कापडावर जोरात वीस वेळा घासा. रुमालावर रंग आला तर ते कापड फिक्या रंगाशेजारी बसवायचे नाही. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवून सुटणारा रंग थांबेल या भरवशावर राहू नका. दोन-तीनदा वेगळे धुऊन रंग जायचा थांबला तरच ते वापरा. लाल काठाने पांढरे दुपटे गुलाबी झाले की ग्राहक परत येत नाही.

सुती आणि सिंथेटिक एकत्र शिवल्याने होणारा बिघाड पहिल्या धुण्यानंतर दिसतो. सुती आटते, जॉर्जेट किंवा पॉलिस्टर आटत नाही, आणि ओळी-ओळींच्या मध्ये फुगे येतात. म्हणून नवे असो की जुने, सगळे सुती कापड बेतण्याआधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या. ही पायरी वगळली तर ४० इंची दुपटे धुतल्यावर ३८ इंचांचे होऊ शकते.

बाळाच्या कामाचे काही नियम कडक ठेवा. फक्त सुती कापड. जरीचा काठ नाही, कारण तो टोचतो. मणी, टिकल्या, बटण, गोंडे नाहीत. आतल्या थरात जुने कापड असेल तर ते विकताना स्पष्ट सांगा. अनोळखी ग्राहकासाठी तयार साठ्यातली दुपटी पूर्ण नव्या मलमलीची करणे आमच्या मते जास्त बरे, आणि जुन्या साडीचे दुपटे ग्राहकाच्या स्वतःच्या घरच्या साडीचे. डांबरगोळ्यांत ठेवलेली साडी आली तर धुऊन, बरेच दिवस वाऱ्यावर टाकून वास पूर्ण गेल्याशिवाय ती दुपट्याला वापरू नका. त्या गोळ्यांतले नॅफ्थलीन नवजात बाळांना अपायकारक ठरू शकते, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते त्यांना. तयार माल साठवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा कापडी पुरचुंडीत ठेवा.

थर आणि टाके

थर जमिनीवर अंथरूनच लावा. पलंगावर लावले की गादीच्या उतारावर कापड सरकते. सगळ्यात खालचा थर उलटा, म्हणजे चांगली बाजू फरशीकडे, मग मधले, वरचा सुलटा. प्रत्येक थर मधून कडांकडे हाताने साफ करत न्या.

मग कच्चे टाके. हेही मधून बाहेर: आधी मोठे अधिकचे (+) चिन्ह, मग वीत-वीत अंतरावर उभे-आडवे. कडेपासून सुरुवात केली तर प्रत्येक ओळीबरोबर कापड थोडे पुढे ढकलले जाते आणि समोरच्या कडेला सगळा झोल साठतो. तो झोल कडेच्या पट्टीत दाबून टाकला तरी धुतल्यावर लाटेसारखा वर येतो. शिवता शिवता लक्षात आले तर दोन-तीन ओळी उसवणे हाच उपाय आहे, कात्रीने कड सरळ करून तो लपत नाही.

धावदोऱ्यासाठी जाड सुती दोरा घ्या. पॉलिस्टरचा दोरा इतका चिवट असतो की ताण आल्यावर तो तुटत नाही, जुने मऊ कापडच फाटते. सुती दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. ४० इंची ओळीला साधारण ५५ इंच एकेरी दोरा पुरतो, म्हणजे ओळीच्या मध्ये जोड येत नाही. त्याहून लांब घेतला तर गाठी पडतात आणि शेवटाकडे दोरा पिंजतो. सुरुवातीची गाठ वरच्या दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या. बाळाच्या दुपट्याला टाके छोटे हवेत, पाव इंचाच्या आत, कारण लांब सुटा टाका बाळाच्या बोटात अडकू शकतो.

ओळींतले अंतर एकदा ठरवले की बदलू नका. पुठ्ठ्याची इंचाची पट्टी कापून ठेवा आणि खडूने खुणा करा. बॉलपेनने अजिबात नको, पेन्सिलही फिक्या कापडावर राहते.

किंमत: एक पूर्ण हिशेब

नव्या मलमलीच्या ४० इंची दुपट्याचा नमुना हिशेब मांडतो. दर तुमच्या गावाप्रमाणे बदला.

चार थर आणि कड मिळून १८० इंच, म्हणजे ४.६ मीटर. आटणे आणि बेत धरून ५ मीटर घ्या. ८० रुपये मीटरने ४०० रुपये. दोरा ४०. लेबल, धुणे, इस्त्री, पिशवी ६०. सामान झाले ५०० रुपयांचे. शिवणाचे १२ तास, फोटो-उत्तरे-पोस्ट यांचा १ तास, मिळून १३. तासाला ६० रुपये धरले तर ७८०. एकूण १,२८०. बिघडलेला माल, परत आलेले पार्सल, पेमेंटचे शुल्क यांसाठी १० टक्के धरा, म्हणजे साधारण १,४१०. त्यावर १५ टक्के नफा धरला की १,६२० रुपये. कुरिअर वेगळे.

नफा आणि मजुरी एकच समजू नका. मजुरी हा तुमच्या हातांचा मोबदला आहे. नफ्यातून पुढचे कापड, नवी मशीन आणि मंद महिना निघतो. आज सगळे स्वतः शिवत असाल म्हणून मजुरी धरली नाही, तर उद्या शेजारणीला कामाला घेताना तिला द्यायला पैसेच नसतील.

किंमत जास्त वाटली तर मजुरीचा दर पाडू नका, काम बदला. ओळी दीड इंचावर घेतल्या तर ४०च्या २७ होतात, तीन तास वाचतात आणि किंमत १,४०० च्या आसपास येते. मशीनने ओळी घातल्या तर एकूण काम साडेचार-पाच तासांत होते आणि १,०५० ते १,१०० रुपयांत परवडते. असे तीन दर शेजारी-शेजारी मांडा आणि प्रत्येकाखाली फरक लिहा. ग्राहक स्वतः निवडतो, घासाघीस कमी होते. मात्र मशीनची ओळ हाताची म्हणून विकू नका. उलटी बाजू पाहिली की जाणत्या बाईला क्षणात कळते.

सिंगल गोधडीत इंचा-इंचाच्या ६० ओळी, प्रत्येकी ९० इंचांच्या, म्हणजे १३७ मीटर धावदोरा. तीस तास त्याचेच, वर पाच तास बाकीचे. मजुरीच २,१०० रुपये झाली. हाताची सिंगल गोधडी १,२०० रुपयांना विकणे म्हणजे दुसऱ्याला पांघरूण देऊन आपण घरचे घालणे. ती किंमत मशीनच्या मालाची आहे, तिच्याशी स्पर्धा करू नका.

ग्राहकाच्या साड्यांची गोधडी

या धंद्यातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जोखमीचा भाग हा आहे. आजीच्या, आईच्या साड्या लोक पाठवतात. कित्येकदा ती व्यक्ती हयात नसते. तिथे कात्री चुकली तर पैसे परत करून भरपाई होत नाही. म्हणून पद्धत ठरवून घ्या आणि घाईच्या दिवशीही ती मोडू नका.

ऑर्डर घेताना साडीचे फोटो मागवा, पण फोटोवरून होकार पक्का करू नका. "साड्या हातात आल्यावर तपासून सांगू" असे लिहा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. प्रत्येक साडी मोजा, वजन करा, डाग आणि फाटलेली जागा दाखवणारे फोटो काढून ग्राहकाला त्याच दिवशी पाठवा. धोब्याकडे असते तशी कापडी चिठ्ठी, ऑर्डर क्रमांकासह, प्रत्येक साडीच्या टोकाला दोन टाक्यांत शिवा. दोन ग्राहकांच्या साड्या एका वेळी बेतायच्या जागेवर येता कामा नयेत.

कापण्याआधी मांडणीचा फोटो पाठवा: कोणती साडी वर, पदर कुठे, काठ कडेला की मधोमध. सोबत एकच वाक्य: "कापल्यानंतर बदल करता येणार नाही, मांडणी मान्य आहे का?" लेखी "हो" आल्याशिवाय कात्री लावायची नाही. फोनवरचा होकार पुरेसा नाही. "लवकर करा" म्हणणाऱ्यालाही हा नियम लावा.

साडी विरलेली निघाली तर तीन पर्याय द्या: ती मधल्या थरात, किंवा तिचे धड तुकडे कापून वरच्या थरावर ठिगळांच्या नक्षीत, किंवा पूर्ण वरचा थर मलमलीचा आणि साडीचा फक्त काठ. रेशमी साडीला मागून मलमलीचा आधार देऊन मगच शिवा, नाहीतर धावदोऱ्याच्या भोकांशी रेशीम चिरते. अशी गोधडी रोजच्या वापराची नाही, हेही सांगून टाका.

अर्धे पैसे साड्या पोचल्यावर, अर्धे गोधडी तयार झाल्याचा फोटो पाहिल्यावर आणि पार्सल निघण्याआधी. उरलेला प्रत्येक तुकडा परत पाठवा, अगदी पट्ट्यासुद्धा. त्याच कापडाची छोटी बटवी करून सोबत दिली तर अर्ध्या तासाचे काम असते आणि लोकांना ती फार आवडते.

फोटो आणि माहिती

खिडकीचा उजेड, सकाळी आठ ते दहा, ऊन थेट पडत नसताना. घरातला पिवळा दिवा बंद करा, नाहीतर पांढरे कापड साय रंगाचे दिसते आणि "फोटोत वेगळा रंग होता" ही तक्रार येते. मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, तिने गोधडीच्या सरळ कडा वाकड्या दिसतात. दुपट्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक चाचणी फोटो काढा. कागद पांढरा दिसला तर बाकीचे रंगही खरे येतील.

पाच फोटो पुरतात: पूर्ण अंथरलेले वरून, कोपऱ्याची घडी आणि कडेची पट्टी, टाके जवळून, उलटी बाजू, आणि मापाची कल्पना यावी म्हणून घडी हातात धरलेली. यातला उलट्या बाजूचा फोटो बहुतेक जण टाकतच नाहीत. हाताच्या कामाचा खरा पुरावा तोच असतो, त्यामुळे तो आवर्जून टाका.

माहितीत माप इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत, थर किती, वजन, कापड नवे की जुने, ओळींतले अंतर, हात की मशीन, धुण्याची पद्धत आणि पाठवायला लागणारे दिवस. शोधणारे "गोधडी" देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे टाइप करतात, काही जण "बेबी क्विल्ट" शोधतात. तिन्ही शब्द वर्णनात असू द्या. धुण्याबद्दल इतके तरी लिहा: पहिले धुणे वेगळे, थंड पाणी, सौम्य साबण, आणि वाळवताना दोन दोऱ्यांवर पसरून. ओली गोधडी एका कडेने टांगली की पाण्याच्या वजनाने टाके तुटतात.

कुठे विकायचे

सुरुवातीला व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम एवढे पुरे. मोठ्या बाजारपेठांची संकेतस्थळे एकसारख्या मालासाठी बांधलेली आहेत: एक फोटो, एक माप, पन्नास नग. तुमचा प्रत्येक नग वेगळा. शिवाय तिथले कमिशन आणि परतीचे नियम हाताच्या कामाच्या किमतीवर भारी पडतात. मलमलीची एकाच नमुन्याची दुपटी महिन्याला वीस-पंचवीस नियमित होऊ लागली की मग तिकडे बघा. बचत गटातून काम करत असाल तर उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांची माहिती काढा. तिथे आलेला ग्राहक गोधडी हातात घेऊन पाहतो आणि पुढची ऑर्डर फोनवरून देतो.

पोस्टमध्ये तयार मालापेक्षा काम दाखवा. कच्चे टाके घालताना, साडी उजेडासमोर धरून तपासताना, ओळ उसवून पुन्हा घालताना. किंमत कमेंटमध्ये लपवू नका. "डीएम करा", म्हणजे खासगी मेसेज करा, म्हटले की निम्मे लोक विचारतच नाहीत.

पैसे आणि पार्सल

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असे नव्हे. स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसली तरच ऑर्डर पक्की. "मी पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असे कोणी म्हणाले तर ती फसवणूक आहे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. मोठी ऑर्डर, भाव न करणे आणि विलक्षण घाई हे तिन्ही एकत्र आले की सावध व्हा. ग्राहकाच्या साडीच्या किंवा नाव भरलेल्या कामाला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. पार्सल परत आले तर ते दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

कुरिअरचा दर पाहताना आकारमानाचे वजन काढा. बहुतेक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि ते व प्रत्यक्ष वजन यांतले जे जास्त त्यावर पैसे घेतात. सिंगल गोधडी प्रत्यक्ष १.८ किलो, पण ४० बाय ३५ बाय १२ सेंटिमीटरच्या सैल खोक्यात टाकली तर ३.३६ किलो धरली जाते. तीच आवळून घडी घालून सुतळीने बांधली आणि ३८ बाय ३० बाय ९ केली तर २.०५ किलो. फक्त घडीने दर उतरतो. दुपट्याची ३० बाय २५ बाय ३ सेंटिमीटरची घडी ०.४५ किलो येते, म्हणजे ५०० ग्रॅमच्या टप्प्यात बसते. चौथा सेंटिमीटर वाढला की वरच्या टप्प्यात जाते.

आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर कुरिअरची पिशवी. जून ते सप्टेंबर आतली पिशवी दुहेरी करा. पावसाळ्यात गोधडी बाहेरून कोरडी वाटते पण मधल्या थरात दमट असते. तशीच बंद केली की पोचेपर्यंत कुबट वास आणि काळे ठिपके येतात. पंख्याखाली दोन दिवस ठेवून, इस्त्री फिरवून मगच पॅक करा. सिलिका जेलच्या पुड्या बाळाच्या सामानात टाकू नका. आतमध्ये नाव, फोन, ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. बाहेरचे लेबल फाटले तर तीच उपयोगी पडते.

कागदपत्रे

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, आधार आणि पॅन लागते. पैसे घेऊन करून देतो म्हणणाऱ्यांची गरज नाही. वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तकला कारागिरांसाठीचे पहचान ओळखपत्रही काढता येते. बँकेत वेगळे खाते उघडा, घरखर्च आणि धंदा एका पासबुकात मिसळू नका. प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत (खर्चाचा बारीक हिशेब न मांडता उलाढालीचे ठरावीक टक्के उत्पन्न धरतात ती) डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के उत्पन्न धरता येते, म्हणून यूपीआयने आलेल्या पैशांची नोंद वेगळी ठेवा.

जीएसटीत गोंधळ होतो, कारण तुमचे काम दोन प्रकारचे आहे. स्वतःच्या कापडाचे दुपटे विकणे म्हणजे वस्तू. ग्राहकाच्या साड्यांवर शिवणकाम करून देणे म्हणजे सेवा. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, सेवेला ही मर्यादा २० लाख आहे, आणि दोन्ही करत असाल तर २० लाखच धरून चाला. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली तर मात्र सहसा पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. हाताने केलेल्या ठरावीक हस्तकला वस्तूंना यातून अटींसह सूट आहे. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे करसल्लागाराला यादी समोर ठेवून विचारा. एका भेटीचे शुल्क वसूल होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेले छोटे विक्रेते ऑनलाइन बाजारपेठांवरून वस्तू विकू शकतात, पण फक्त आपल्याच राज्यात आणि जीएसटी पोर्टलवरून नोंद क्रमांक घेऊन.

तयार पॅक केलेल्या मालावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तू, माप, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन छापलेले लेबल लावा.

मदतीचे हात आणि परदेशी ऑर्डर

महिन्याला आठ-दहा दुपट्यांपुढे एकटीच्या हाताने जाणे कठीण. कामाला बायका घेताना नगावर मजुरी ठरवू नका, मीटरवर ठरवा. नगावर ठरवली की मोठ्या मापात शिवणारीचे नुकसान होते आणि टाके लांबतात. सहा इंची चौकोनाचा नमुना शिवून प्रत्येकीला द्या: टाका एवढा, अंतर एवढे, गाठ अशी लपवलेली. माल आला की त्या नमुन्यावर ठेवून तपासा. एका गोधडीवर दोन हात बसवायचे असतील तर समोरासमोर बसवा आणि मधून बाहेर शिवू द्या. एकीने अर्धी शिवून दुसरीला दिली की टाक्यातला फरक मधोमध रेषेसारखा दिसतो.

परदेशातल्या मराठी घरांतून विचारणा येतेच, आणि बहुधा आईच्या साड्यांच्या गोधडीची. निर्यातीसाठी परकी व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो, शुल्क ५०० रुपये. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे कागदपत्रांत मदत करतात. अमेरिकेत ८०० डॉलरखालच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, तेव्हा शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. तिथे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंना २००८ च्या कायद्याने चाचणी आणि प्रमाणपत्र लागते. म्हणून तिकडे बाळाचे दुपटे म्हणून विकण्यापेक्षा मोठ्यांची पांघरायची गोधडीच विका. भारतात विकतानाही दुपट्याच्या लेबलवर "मोठ्यांच्या देखरेखीत खाली अंथरण्यासाठी" असे छापा आणि झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरू नये, हे त्याखालीच लिहा.